देवघरामागची भिंत

कुणाच्याही घरी गेलं की गौतमराव सकपाळ आधी चपला काढतात, मग चष्मा पुसतात आणि यजमानांना नमस्कार करायच्या आत त्यांची बोटं शेजारच्या भिंतीवर दोनदा वाजलेली असतात. लग्नाच्या बोलणीतही तेच. मेहुण्याच्या मुलीसाठी अंबरनाथला स्थळ बघायला गेले होते. मुलाचे वडील मुलाच्या नोकरीचं कौतुक सांगत होते आणि हे सोफ्यामागे वाकून म्हणाले, "तुमच्या संडासाची लाइन गळतेय हो." स्थळ जमलं. गळती खरी निघाली म्हणून जमलं, असं गौतमराव सांगतात. त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणतात, मुलगा चांगला होता म्हणून जमलं, तुमच्या त्या संडासासकट.

तीस वर्षं त्यांनी ठाण्यात लाद्या बसवल्या. शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला. वर्तकनगरच्या घरात ते खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे तडे मोजायला लागले, तेव्हा मुलगी माया म्हणाली, "बाबा, गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत ना? चला माझ्याबरोबर." माया सिव्हिल इंजिनियर. घर विकत घेण्याआधी किंवा विकायला काढण्याआधी ते नीट तपासून द्यायचं, असा तिनं धंदा सुरू केला होता. ओल मोजायचं यंत्र तिच्याकडे, वीतभर लोखंडी कांब आणि जमिनीचा उतार बघायला एक काचेची गोटी बाबांकडे. यंत्र आकडा सांगतं. कांबीनं ठोकलं की भरीव भिंत 'टण्‌' म्हणते, पोकळ भिंत 'भद्‌' म्हणते, आणि त्यातलं 'भद्‌' किती जुनं आहे ते फक्त गौतमरावांना कळतं.

लोकांचं त्यांना नवल वाटे. कोळणीसमोर उकिडवं बसून पापलेटाचे कल्ले उचलून बघणारा माणूस घर घ्यायला गेला की गॅलरीत उभा राहून मलंगगडाचा डोंगर बघतो. वास्तुशास्त्रासाठी मोबाइलवर दिशा लावतो. न्हाणीघराच्या छताकडे मान वर करून बघत नाही. विकणारे त्याहून वस्ताद. भिंतीला ताजा रंग दिसला की गौतमराव मायाला हळूच म्हणत, "नवरी नटलीय. जरा पदर बाजूला करून बघू."

पण एक पदर होता, जो गौतमराव कधीच बाजूला करत नसत.

त्या सोमवारी माया कल्याणच्या एका कामावर होती, म्हणून डोंबिवली पूर्वेच्या 'एकवीरा छाया'त ते एकटेच गेले. अठ्ठावीस वर्षांची, तळमजला धरून पाच मजल्यांची इमारत. जागा मूळची मढवींची. आजोबांच्या वेळी तिथे भात पिकत होता, मग बिल्डर आला आणि भाताच्या जागी मढवी भावांना फ्लॅट मिळाले. त्यातला पहिल्या मजल्यावरचा आपला फ्लॅट विकून गोपीनाथ मढवी आणि त्यांची बायको लक्ष्मी खडवलीला, मोकळ्या जागेत राहायला जाणार होते. निम्मं सामान तिकडे गेलंही होतं. घेणार होते ऋतुराज आणि ऐश्वर्या हे नवरा-बायको, दिवा गावातले भाडेकरू. दिव्यात पाणी येणार की नाही यावर घरचं पंचांग चालतं, म्हणून ऐश्वर्यानं फ्लॅट बघायला आल्यावर पहिल्यांदा नळ सोडला होता. धार बघून ती हसली, आणि दलाल मितेशनं तिथल्या तिथे ओळखलं की सौदा झाला. शुक्रवारी रजिस्ट्रेशन. त्याआधी तपासणी हवी, हा हट्टही ऐश्वर्याचाच.

गौतमरावांनी तासभर घर वाजवलं. गोटी सोडली, ती शहाण्यासारखी मोरीकडे गेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कपाटाएवढा सागवानी देव्हारा होता, आणि त्याच्यापुढे लक्ष्मीवहिनी पूजेला बसल्या होत्या. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, गुल तुटून पडला.

"देवाकडची पेटी मेली सादळलेलीच असते," त्या पुटपुटल्या आणि ओट्यावरची दुसरी पेटी घेऊन आल्या. मग पाहुण्याकडे बघून म्हणाल्या, "चाय टाकू ना, दादा?"

"नको वहिनी, तुमची पूजा चालू दे," गौतमराव म्हणाले आणि चप्पल नसतानाही पाय न वाजवता मागे सरले.

तपासणीच्या फॉर्मवर बेचाळीस ओळी होत्या. सत्ताविसावी ओळ: 'देवघर, कोनाडे, कपाटे यांमागील भिंत'. ती मायानंच घातली होती. गौतमरावांनी तिच्यापुढे 'ठीक' लिहिलं.

संध्याकाळी माया टाइप करत होती. "बाबा, सत्तावीस?"

"ठीक."

"मागून बघितलंत?"

"अगं, ठीक म्हटलं ना."

तिनं विचारलं होतं बघितलं का, आणि उत्तर मिळालं होतं ठीक. दिवसभराच्या उन्हानं थकलेल्या मायाच्या ते लक्षात आलं नाही. तिनं रिपोर्टखाली सही केली आणि पाठवून दिला. पाच मिनिटांत ऐश्वर्याचा निरोप आला, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं आणि एका घराचं.

बुधवारी दिवेलागणीला शांताबाई बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावत होत्या. एका ओढीत काडी पेटली. रोजच पेटते. पण गौतमराव पेपर खाली ठेवून उठले, त्यांच्या हातातली पेटी घेतली आणि आणखी एक काडी ओढली. पेटली. तिसरी ओढली. तीही.

"अहो, काय होळी करताय?" शांताबाई म्हणाल्या.

"आपली पेटी सादळत नाही, शांता."

"का सादळेल? भिंत कोरडी आहे. तुम्हीच तर गिलावा केलाय."

गौतमराव तिथेच खाटेवर बसले. ओट्यावरची पेटी कोरडी, देवाकडची ओली. दोन्हींमध्ये चार पावलांचं अंतर. एकाच घरात, एकाच हवेत. हे त्यांना सोमवारीच ऐकू आलं होतं. भिंतीआडची ओल हातभरावरून ओळखणाऱ्या माणसाला एवढं ऐकू येणार नाही? आलं होतं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं होतं.

का, ते शांताबाईंना माहीत होतं. मायाला नव्हतं.

वयाच्या तेविसाव्या वर्षी गौतमराव ठाण्यात एका घरी लाद्या बसवत होते. घर मोठं प्रेमळ. घरची बाई रोज त्यांना चिवडा द्यायची. देवघराखालची लादी बसवायची वेळ आली तेव्हा ती बाजारात गेली होती. गौतमनं दोनदा साबणानं हात धुतले, स्वच्छ पंचा अंथरला, एकेक देव त्यावर ठेवला, लादी बसवली आणि देव होते तसे परत मांडले. गणपतीची सोंड कुठल्या कुशीला होती तेही लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर आला तर सगळे देव एका पातेल्यात दुधात बुडवलेले आणि शेजारी गोमूत्राची बाटली. बाई ओशाळून म्हणाली, "वाईट नको हं वाटून घेऊस. आमच्याकडे असतं असं." आणि चिवडा दिला, रोजच्यापेक्षा जास्त.

ती रागावली असती तर गौतमलाही रागावता आलं असतं. चिवड्यावर काय रागावणार? त्यानं तो खाल्ला, खारट लागला. त्यानंतर पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या देव्हाऱ्याला बोट लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "श्रद्धेचा विषय, आपण कशाला?" ऐकणाऱ्याला वाटे, काय समंजस माणूस आहे. हळूहळू त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

माया घरी आली तेव्हा त्यांनी तिला पाणीही पिऊ दिलं नाही. "माया, सत्तावीस नंबर मी बघितला नाही."

तिला आधी कळेचना. कळल्यावर ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "किती घरांत?"

हा प्रश्न गौतमरावांच्या डोक्यातही आला नव्हता. "जिथे जिथे मी एकटा होतो."

"बाबा, खाली सही माझी असते."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. लोक यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत, मुलीवर तर नाहीच नाही. 'सकपाळकाकांनी बघितलंय ना, मग झालं,' असं म्हणतात. आणि तुम्ही..." तिचा आवाज चढला. "मला सांगायचंत. मी हलवले असते देव. नाहीतर लिहिलं असतं, बघू दिलं नाही म्हणून. खोटं कशाला लिहिलंत?"

"न बघितलेलं लिहिलं की लोक विचारतात, का नाही बघितलं? त्याचं उत्तर द्यावं लागतं."

मग त्यांनी तिला त्या पातेल्यातल्या दुधाची गोष्ट सांगितली. शांताबाईंना वाटलं, आता ती बापाच्या खांद्यावर हात ठेवेल. तिनं ठेवला नाही. तिनं ऐश्वर्याला फोन लावला आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, रिपोर्टमधली एक जागा आम्ही उद्या पुन्हा तपासतोय. तोवर सही करू नका." फोन ठेवल्यावर बापाला म्हणाली, "सकाळी नऊला निघू. कांब घ्या."

गुरुवारी 'एकवीरा छाया'त लक्ष्मीवहिनी एकट्याच होत्या, गोपीनाथ बाजारात गेले होते. माया इमारतीच्या मागच्या बाजूला, पाइप उतरतात त्या बोळात बघायला गेली. गौतमराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, देव्हारा जरा पुढे ओढायला लागेल. मागची भिंत बघायची राहिली."

"राहिली? मितेश तर बोलला, रिपोट एकदम फस्कलास हाय."

"मीच चुकीचा लिहिला."

वहिनींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हातपाय धुवायला गेल्या. आल्यावर पितळेची परात घेतली, तिच्यात धुतलेला टॉवेल घातला आणि एकेक देव काढायला लागल्या. एकवीरेचा चांदीचा मुखवटा, खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण. परात भरली. वहिनी ती घेऊन इकडेतिकडे बघू लागल्या.

"पाट गेला खडवलीला सामानासंगती. जमिनीवर कसं ठेवू यांना?" असं म्हणत त्यांनी परात गौतमरावांपुढे धरली. "धरा."

गौतमरावांचे हात मागे गेले. आपोआप गेले, जसा निखाऱ्यापासून हात मागे जातो. "वहिनी, आम्ही बौद्ध आहोत."

लक्ष्मीवहिनी थांबल्या. फार नाही, डोळ्याची पापणी दोनदा लवेल इतकंच. पण थांबल्या, आणि गौतमरावांच्या कानांनी ती शांतता बरोबर टिपली. मग परात आणखी थोडी पुढे आली.

"धरा तर खरं. माझं हात भरून आलं."

त्यांनी धरली. अपेक्षेपेक्षा जड होती. वहिनींनी पदर खोचला, खांदा लावला आणि भाताचे भारे उचललेल्या त्या खांद्यानं देव्हारा कुरकुरत हातभर पुढे आला. मागून थंड, कुबट वास सुटला, पावसाळ्यात बंद पेटी उघडल्यासारखा. भिंत काळी पडली होती. रंगाखाली वरपासून खालपर्यंत काहीतरी फुगून आलं होतं, अंगावर गांधी उठावी तसं.

गौतमरावांना ठोकायचं होतं. दोन्ही हातांत देव.

"माझ्या खिशात कांब आहे, वहिनी. काढा. टोकानं नको, आडवी धरून वाजवा."

लक्ष्मीवहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा आपली भिंत ठोकली. भद्‌.

"वर."

भद्‌.

"अजून वर. आता डावीकडे या."

"सगलीकडं असंच वाजतंय," वहिनी म्हणाल्या. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, पण त्यांचा हात हलका झाला होता, आजारी माणसाच्या छातीवर ठेवावा तसा. तरीही पुढच्या ठोक्याला कांब आत गेली आणि परातीएवढा पोपडा सुटून जमिनीवर फुटला. आत खांबाच्या सळया दिसल्या. गंजून फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. एकीचं तर नुसतं तांबडं पीठ उरलं होतं.

"ही नुसती भिंत नाही, वहिनी," गौतमराव म्हणाले. "हा कॉलम आहे. यावर तीन मजले आहेत."

"वरती माझा दीर ऱ्हातो," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या दोन नाती हायत." मग त्यांनी ते तांबडं पीठ बोटावर घेतलं. "चार वरसं मी काडेपेटी बदलतेय. दर पंधरा दिवसाला नवी. भिंत नाय बगितली."

माया खालून आली. मागे सांडपाण्याचा पाइप फुटून पाणी नेमकं याच खांबात मुरत होतं. तिनं एकदा खांबाकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग त्याच्या हातातल्या परातीकडे. फोन काढून टेकू लावणाऱ्या माणसाला, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला लावला. "आज संध्याकाळच्या आत टेकू. तोवर या बाजूचे सगळे मजले रिकामे. हो, सगळे. मी लेखी देते."

गोपीनाथ पिशवी घेऊन आले ते या गोंधळातच. सगळं ऐकून त्यांनी पिशवी जमिनीवर आदळली. दोन कांदे घरंगळत त्याच शहाण्या उतारानं मोरीकडे गेले.

"ओ मिस्त्री! सोमवारी ठीक आणि गुरुवारी खराब? भिंत काय आठवड्याच्या बाजारात बदलून आणली काय?"

"सोमवारी मी बघितली नव्हती."

"मग लिवलंस कशाला?"

गौतमरावांकडे उत्तर होतं, पण ते एवढ्या मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. "चूक झाली, शेठ."

"चूक! उद्या रजिस्ट्रेशन हाय. खडवलीला घर बांधायला घेतलंय. आता कोन घेनार हा फ्लॅट?"

"कुणीच नाही, काका," माया म्हणाली. "पण ओल यायला लागली तेव्हाच एकदा तपासून घेतलं असतं, तर नुसता पाइप बदलून भागलं असतं. आणि उद्या विकून गेला असतात, तर पुढच्या वर्षी कोण कुणाच्या अंगावर पडलं असतं?"

गोपीनाथ तिच्यावर ओरडायला वळले, तेवढ्यात वरून नातींच्या पळण्याचा आवाज आला. रोज येतो तोच, छतावर धुडुमधुडुम. गोपीनाथांनी वर बघितलं. मग ते चप्पल न घालताच जिन्यानं वर धावले.

ऐश्वर्याला मायानं फोन स्पीकरवर लावला. बाबांनी ऐकावं म्हणूनच लावला असावा.

"अहो, पण आम्ही दिव्याची खोली सोडतोय म्हणून सांगितलंय," ऐश्वर्या म्हणाली. "तिथे दुसरे येतायत एक तारखेला. आता आम्ही कुठे जायचं?" मग बारीक आवाजात, "नाही, बरं झालं कळलं. थँक्यू हां, मॅडम." ते 'थँक्यू' ऐकवत नव्हतं. सोमवारी कळलं असतं, तर तिनं मंगळवारी खोली सोडतोय म्हणून सांगितलं नसतं. माया मान खाली घालून म्हणाली, "दुसरं घर बघा. तिथे मी स्वतः येईन." ती 'आम्ही' म्हणाली नाही, हे गौतमरावांनी ऐकलं.

जिन्यावर माणसं उतरू लागली. कुणाच्या हातात कुकर, कुणाच्या हातात फाइल. दोन्ही नाती शाळेच्या दप्तरांसकट खाली आल्या आणि काहीतरी मजा आहे म्हणून खिदळू लागल्या. गौतमराव अजून स्वयंपाकघरातच उभे होते. हात भरून आले होते, पण परात कुणी मागितली नव्हती आणि ती खाली ठेवायची त्यांची हिंमत होत नव्हती.

लक्ष्मीवहिनींनी पोपड्याचे तुकडे केरसुणीनं एका बाजूला केले आणि परात त्यांच्या हातातून घेतली. टॉवेल नीट केला. एकवीरेचा मुखवटा कलंडला होता, तो सरळ केला.

"आमी तर जातो दिराच्या मुलीकडं, कल्यानला. पन देव असं परातीत हिंडवायचं नसतात. टेकू लागून आमी परत येईपर्यंत यांना देव्हाऱ्यासकट हितंच ठेवायचंय." मग त्या सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "चांगली भिंत कंची, ते तुमी सांगा."

खांबापासून सगळ्यात लांबची भिंत दाराजवळची. सोमवारी ती त्यांनी खरोखर वाजवली होती, 'ठीक' खरोखर लिहिलं होतं. पण आता ते त्या 'ठीक'च्या भरवशावर बोलायला तयार नव्हते. तिथलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. कांब आडवी धरली, डोकं भिंतीला टेकवलं. टण्‌. वीतभर सरकले. टण्‌. बाहेर जिन्यावर कुणीतरी मितेशच्या नावानं शिव्या देत होतं, कुणीतरी सेक्रेटरीला शोधत होतं. गौतमरावांना फक्त भिंत ऐकू येत होती. खिळ्याच्या वर, खिळ्याच्या खाली. टण्‌.

"इथे," ते म्हणाले.

परात कडेवर घेऊन लक्ष्मीवहिनी जवळ आल्या. "नक्की?"

हा प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारत असे, आणि प्रश्न संपायच्या आत ते 'नक्की' म्हणत. आज कुरकुरणारे गुडघे टेकून ते खाली बसले आणि अगदी जमिनीलगत, पहिल्या लादीपासून, भिंत पुन्हा वाजवायला लागले.